लिडियन लेखांतील 'क्वळ्म्ळुस्' शब्द : त्याचा अर्थ आणि त्याचें आद्याक्षर

१. विषयप्रवेश

इराणचा सम्राट् पहिला दारयवहु यानें पर्सिपोलिस येथील आपल्या सभामंडपाच्या पायांत सोन्याचे व रुप्याचे पत्रे लेख कोरून पुरले होते. ते इ. स. १९३३ त उत्खननांत सांपडले. ह्या लेखांत त्यानें आपल्या राज्याचा विस्तार दोन कर्णरेषांनीं सांगितला आहे. सुग्दापलीकडील शकांपासून कुशापर्यंत ही एक, व हिंदूपासून, म्हणजे सिंधुप्रदेशापासून, स्पर्दापर्यंत ही दुसरी. हें स्पर्द म्हणजे आशियामायनरच्या पश्चिम भागांतील सार्डिस नगर व त्याच्या भोंवतालचा लिडिया देश. ज्या वाक्याच्या एका टोंकास सिंधुप्रदेश आहे त्याच वाक्याच्या दुसऱ्या टोंकास असलेल्या ह्या नगरांतील एका शब्दाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा शब्द इराणी राजांच्या नांवांपुढें लिडियन कालनिर्देशांत येतो. त्याचा अर्थ 'राजा' असा आहे, व त्याविषयीं आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. परंतु त्याच्या पहिल्या अक्षराचा उच्चार कोणता, ह्या प्रश्नावर विद्वानांनीं बराच काळ वाद केला. ह्या एका अक्षराच्या वाचनावर लिडियन लोकांच्या देवमंडळांत अपोलो होता कीं नाहीं, हा प्रश्नही अवलंबून राहिला. शब्दाचा अर्थ ज्या पुराव्यानें ठरतो तो पुरावा, आणि त्याचा उच्चार ज्या पुराव्यानें ठरतो तो पुरावा, हे दोन वेगळे ठेवावे लागतात. ते एकत्र केले असतां काय होतें, हें ह्या उदाहरणावरून स्पष्ट दिसतें. म्हणूनच ही हकीकत लिपिवाचनाचें काम करणाऱ्या वाचकांपुढें मांडावीशी वाटली.

२. भाषा व लेखसामग्री

लिडिया देश हर्मस नदीच्या खोऱ्यांत होता. त्मोलस पर्वताच्या पायथ्याशीं त्याची राजधानी सार्डिस वसलेली होती व तिच्या जवळून सुवर्णकणांसाठीं प्रसिद्ध असलेला पॅक्टोलस हा ओढा वाहत असे. गाइगीज, अलियात्तीज, क्रीसस हे राजे येथेंच होऊन गेले. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या मध्यास कुरुष यानें सार्डिस घेतलें, आणि तेव्हांपासून इ. स. पूर्व ३३४ मध्यें अलेक्झांडर येईपर्यंत तें इराणी साम्राज्यांतील एका सुभ्याचें मुख्य ठाणें होतें. राज्य गेलें तरी भाषा लगेच गेली नाहीं. उलट, लिडियन भाषेंतील बहुतेक मोठे शिलालेख ह्या इराणी अमदानींतीलच आहेत. पुढें ग्रीक भाषेनें तिची जागा घेतली. लिडिया देशांत तिचा मागमूसही उरलेला नाहीं, दक्षिणेकडील किबीरा येथें मात्र ती बोलली जाते, असें ख्रिस्ती शकाच्या आरंभीं स्ट्रेबो लिहितो.

सार्डिस येथें प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वतीनें हॉवर्ड क्रॉस्बी बटलर यांनीं १९१० ते १९१४ ह्या काळांत उत्खनन केलें. त्यांत निघालेल्या लेखांचा पहिला भाग एनो लिट्मान यांनीं १९१६ त व पुढील संग्रह डब्ल्यू. एच्. बक्लर यांनीं १९२४ त प्रसिद्ध केला. १९५८ पासून हार्वर्ड व कॉर्नेल ह्या विद्यापीठांनीं तेथें पुन्हां काम सुरू केल्यावर आणखी लेख हातीं आले. आज उपलब्ध असलेल्या लहानमोठ्या लेखांची संख्या शंभरावर जाते. परंतु त्यांतील पुष्कळ लेख केवळ नांवांचे अथवा दोन-चार अक्षरांचे आहेत. ज्यांवरून वाक्यरचना समजते असे लेख थोडेच. लिपि सव्वीस अक्षरांची असून ती बहुधा उजवीकडून डावीकडे लिहिलेली आहे. पुष्कळ अक्षरें ग्रीक अक्षरांसारखीं दिसतात. कांहीं मात्र सर्वस्वी वेगळीं आहेत, आणि अडचण आहे ती ह्या वेगळ्या अक्षरांचीच.

येथें दोन चिन्हांचा खुलासा केला पाहिजे. लिडियन लिपींत एक साधा ल आहे व दुसरा तालव्य समजला जाणारा ल आहे. दोहोंतील भेद दिसावा एवढ्याच हेतूनें ह्या दुसऱ्यासाठीं मीं 'ळ' वापरला आहे. तो मराठी ळकाराप्रमाणें मूर्धन्य होता असें समजूं नये. दुसरें चिन्ह म्हणजे दोन रेघा एकमेकींस छेदून होणारी फुली. आपल्या शब्दाचें आद्याक्षर ही फुलीच आहे. तिचें वाचन ठरेपर्यंत पुढील विवेचनांत तिला 'फुली' असेंच म्हटलें आहे.

३. द्विभाषिक शिला आणि तिची गळालेली ओळ

लिडियन भाषेचें दार ज्या किल्लीनें उघडलें ती किल्ली म्हणजे १९१२ त सार्डिस येथें सांपडलेली एक शिला. तिच्यावर वरच्या बाजूस लिडियन व खालीं अरमाइक मजकूर आहे. अरमाइक ही इराणी दफ्तराची भाषा. अशोकाचे तक्षशिला व कंदाहार येथील लेखही ह्याच भाषेंत व लिपींत आहेत, त्यामुळें आपल्या इतिहासाच्या अभ्यासकांस तिची ओळख आहेच. अरमाइक मजकुराचा मथितार्थ असा : अर्तक्षत्र राजाच्या दहाव्या वर्षीं, मार्हेश्वान महिन्याच्या पांचव्या दिवशीं, स्पर्द ह्या दुर्गांत, कुम्ली याचा पुत्र मनी याच्या थडग्याची ही शिला व ही गुहा आहे. जो कोणी तिची नासधूस करील त्याचें अंगण, घर, मालमत्ता, माती व पाणी, जें जें त्याचें असेल तें सर्व, कोलोए येथील व इफेसस येथील अर्तेमिस देवी धुळीस मिळवो.

ह्या मजकुराच्या साहाय्यानें लिडियन बाजूचे अनेक शब्द पक्के झाले. शिला, गुहा, घर, पाणी, 'जो कोणी' ह्या अर्थाचें सर्वनाम, 'अथवा' हें अव्यय, हे सर्व त्यांतूनच मिळाले. परंतु 'राजा' हा शब्द मिळाला नाहीं. कारण लिडियन मजकुराचा आरंभ तुटलेला आहे. राजाचें नांव व वर्ष ज्या ठिकाणीं असावयाचें ती जागाच गेलेली असून, राहिलेला मजकूर महिन्याच्या उल्लेखापासून सुरू होतो. अरमाइकांत 'मल्का', म्हणजे राजा, हा शब्द स्पष्ट आहे. त्याचा लिडियन प्रतिशब्द मात्र ह्याच शिलेवर नाहीं.

ही उणीव इतर लेखांनीं भरून काढिली. त्यांचा आरंभ अशाच कालनिर्देशानें होतो. 'वर्ष' ह्या अर्थाचा शब्द, मग आंकडा, मग 'अर्तक्षस्सळ्' हें नांव आणि त्याच्या लगेच पुढें 'फुली-अळ्म्ळुळ्' असा हा शब्द. अर्तक्षस्स म्हणजे अर्तक्षत्र, ज्याच्या नांवांतील दोन अवयव आपल्या 'ऋत' व 'क्षत्र' ह्या शब्दांचे सगोत्र आहेत. अरमाइक कालनिर्देशांत नांवापुढें 'मल्का' ज्या जागीं आहे त्याच जागीं लिडियन कालनिर्देशांत हा शब्द आहे.

एवढ्यानेंही भागलें असतें, पण व्याकरणाचा आधारही आहे. सार्डिस येथील एका लहान लेखांत लिडियन व ग्रीक अशा दोन ओळी आहेत. लिडियन ओळ 'नन्नस् बकिवलिस् अर्तिमुळ्' अशी असून ग्रीक ओळीचा अर्थ 'दिओनिसिक्लीसचा नन्नास, अर्तेमिसला' असा आहे. यावरून देवीच्या नांवास लागलेला ळकारान्त प्रत्यय चतुर्थीच्या अर्थीं येतो हें सिद्ध होतें. (ह्याच ओळीवरून लिडियन 'बकि' म्हणजे ग्रीकांचा दिओनिसस, म्हणजेच बॅक्कस, हेंही कळतें.) आतां कालनिर्देशांत 'अर्तक्षस्सळ्' व 'फुली-अळ्म्ळुळ्' ह्या दोन्ही पदांस हाच प्रत्यय लागलेला आहे. दोन पदें एका विभक्तींत, एकापुढें एक, आणि पहिलें पद सम्राटाचें नांव. तेव्हां दुसरें पद त्याचें समानाधिकरण विशेषण अथवा पदवी असलें पाहिजे हें उघड आहे.

येथवरचा सर्व विचार फुलीचा उच्चार मुळींच गृहीत न धरितां केलेला आहे, हें लक्षांत ठेवावें.

४. ग्रीक वाङ्मयाची साक्ष

ग्रीक भाषेंत 'पाल्मुस्' असा एक दुर्मिळ शब्द आहे. त्याचा अर्थ राजा. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इफेसस येथें हिपोनाक्स नांवाचा कवि होऊन गेला. त्याला स्वनगर सोडून क्लाझोमेने येथें राहावें लागलें. त्याची भाषा बाजारी, शिवराळ व परकी शब्दांनीं भरलेली आहे. त्याची समग्र रचना आतां उपलब्ध नाहीं. इतरांनीं दिलेले उतारे व कांहीं पपायरसाचे तुकडे एवढेंच उरलें आहे. बाराव्या शतकांतील त्झेत्झेस नांवाच्या बायझंटाइन टीकाकारानें ज्या ओळी उद्धृत केल्या, त्यांवांचून ह्या कवीविषयींचें आपलें ज्ञान फारच तोकडें राहिलें असतें.

हिपोनाक्स हा झ्यूस देवास देवांचा पाल्मुस् म्हणतो, हर्मीस देवास किल्लेने पर्वताचा पाल्मुस् म्हणतो, आणि थट्टेनें सोन्यास रुप्याचा पाल्मुस् म्हणतो. तिन्ही ठिकाणीं राजा, अधिपति, श्रेष्ठ हाच अर्थ लागतो. पुढें लायकोफ्रॉन ह्या दुर्बोध कवीनेंही झ्यूसविषयीं हाच शब्द योजिला आहे, आणि हेसिखियसच्या कोशांत त्याचा अर्थ राजा असा दिलेला आहे. इलियडच्या तेराव्या सर्गांत ट्रॉयच्या बाजूनें लढणाऱ्या, अस्कानियाहून आलेल्या वीरांत पाल्मुस् नांवाचा एक वीर आहे. तेव्हां हा शब्द अथवा हें नांव आशियामायनरच्या वायव्य भागाशीं पूर्वीपासून निगडित होतें असें दिसतें.

परंतु ह्या साक्षीची मर्यादाही पाहिली पाहिजे. हर्मीसचें 'कान्दाउला' हें संबोधन हिपोनाक्स देतो तेव्हां तें मेओनियन, म्हणजे लिडियन, भाषेंतील आहे असें तो स्वतः सांगतो. पाल्मुस् ह्या शब्दाविषयीं उपलब्ध ओळींत तसें कांहीं सांगितलेलें नाहीं. कदाचित् इफेससच्या रस्त्यांत तो इतका रुळला असेल कीं सांगण्याची गरजच भासली नसेल. म्हणून पाल्मुस् हा शब्द लिडियन आहे ही गोष्ट एकट्या हिपोनाक्सवरून सिद्ध होत नाहीं. ती सिद्ध होते शिलालेखांशीं त्याचा मेळ बसल्यावर. दोहोंचा अर्थ एकच, दोहोंच्या अंतीं उकार, मध्यें ल व म यांचा संयोग, आणि प्रदेशही तोच. इतकें जुळल्यावर दोन शब्द एकच आहेत असें म्हणण्यास हरकत राहत नाहीं. अर्थाचा निर्णय येथें संपतो.

५. फुलीचा उच्चार : तीन मतें

वादास खरा आरंभ येथूनच झाला. आद्य प्रकाशकांनीं फुलीस हकार मानलें होतें. त्यांच्या पुस्तकांत 'जो' ह्या अर्थाचें सर्वनाम 'हिस्' असें छापलेलें आढळेल. १९१६ किंवा १९२४ ची आवृत्ति ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तीं रूपें वाचतांना हें ध्यानांत घ्यावें.

पाल्मुस् शब्दाशीं संबंध लक्षांत आल्यावर दुसरें मत पुढें आलें. ग्रीक शब्द पकारानें सुरू होतो, लिडियन शब्द फुलीनें सुरू होतो, शब्द एकच आहे, म्हणून फुली म्हणजे प. हा युक्तिवाद सोपा आहे, आणि सोपा असल्यामुळेंच तो अनेकांस पटला.

तिसरें मत असें कीं फुली म्हणजे कण्ठ्य वर्ण, आणि तोही मुळांत ओष्ठांच्या साहाय्यानें उच्चारला जाणारा क्व. हें मत सर्वनामावरून बळावलें. बेडरिख ह्रोझ्नी यांनीं १९१५ त हित्ती भाषेचें कोडें सोडविल्यावर त्या भाषेंत 'कुइस्', 'कुइत्' म्हणजे 'कोण', 'काय' असे शब्द असल्याचें कळलें. १९३६ त पिएरो मेरिज्जी यांनीं लिडियन भाषेचें आर्य कुलांतील स्वरूप दाखविल्यानंतर ती हित्तीची नातलग ठरली. मग हित्ती कुइस्, लॅटिन क्विस्, संस्कृत कः व चित्, ह्या मालिकेंत लिडियन 'फुली-इस्' ह्यास क्विस् असेंच वाचणें स्वाभाविक होतें. सर्वनामाचा अर्थ तर अरमाइक मजकुरावरून आधींच पक्का झाला होता.

तथापि पूर्वपक्षास न्याय दिला पाहिजे. इटलींतील ऑस्कन भाषेंत लॅटिन क्विस् ह्याच्या जागीं 'पिस्' येतें. ज्या मूळ वर्णापासून लॅटिनांत क्व झाला त्यापासूनच ऑस्कनमध्यें प झाला. मग लिडियनांतही तसेंच झालें नसेल कशावरून? म्हणजे सर्वनामाच्या तुलनेनें हकार बाद होतो, पण प व क्व यांतील निवड होत नाहीं. निर्णयासाठीं दुसरीकडे पाहावें लागतें.

तो पुरावा इफेससच्या नांवांत आहे. द्विभाषिक शिलेवर अर्तेमिस देवीचें 'इफेससची' हें विशेषण लिडियन बाजूस 'इब्शिम्सिस्' असें लिहिलेलें आहे. ग्रीक नांवांत ओष्ठ्य महाप्राण वर्ण आहे. लिडियन लेखकानें त्यासाठीं फुली न वापरतां ब ह्या अक्षरानें काम भागविलें. बॅक्कसच्या नांवांतही तेंच अक्षर आहे. म्हणजे ग्रीकांचे जे ओष्ठ्य स्पर्श वर्ण ब किंवा फ ह्या भिन्न चिन्हांनीं लिहिले जातात ते लिडियन लिपींत एकाच अक्षरांत सामावत होते. प-वर्गाचा स्पर्श लिहिण्यास जर एक अक्षर आधींच आहे आणि परकी नांवांसाठीं लेखक तेंच उचलतो, तर फुलीचा उपयोग पकारासाठीं होत होता असें मानण्यास जागा फार थोडी उरते. रोबेर्तो गुस्मानी यांच्या १९६४ च्या लिडियन कोशांत फुलीचें वाचन क्व असेंच स्वीकारलेलें आहे. त्यानुसार आपला शब्द 'क्वळ्म्ळुस्' असा होतो.

६. एका अक्षरानें आणलेला देव

फुलीस प मानण्याचा परिणाम एका शब्दापुरताच राहिला असता तर तो वाद केवळ वैयाकरणांचा ठरला असता. पण लिडियन लेखांत अर्तेमिस देवीच्या जोडीनें दुसऱ्या एका देवतेचा उल्लेख येतो. तिच्या नांवाचें आद्याक्षरही फुलीच आहे. पुढें ळ, द, अनुनासिक आकार, न व स अशीं अक्षरें येतात. पहिल्या दोन व्यंजनांमध्यें स्वर लिहिलेला नाहीं. वाचनाच्या सोयीसाठीं येथें तेथें अकार घालतों.

फुलीस प मानलें म्हणजे हें नांव 'पळ्दान्स्' होतें. अर्तेमिसच्या शेजारीं बसलेला पळ्दान्स् म्हणजे तिचा भाऊ अपोलो, अशी जुळणी लगेच सुचली. अपोलोच्या नांवाची ग्रीक भाषेंत समाधानकारक व्युत्पत्ति लागत नाहीं. तो आशियामायनरहून आलेला देव असावा असा तर्क पुष्कळांचा होताच. इलियडमध्यें तो ट्रॉयच्या बाजूचा आहे. आतां लिडियन शिलेवर त्याचें जुनें नांवच मिळाल्यासारखें झालें. बहीण-भाऊ एकत्र, नांव जुळतें, प्रदेश जुळतो. आणखी काय पाहिजे?

परंतु ह्या इमारतीचा पाया पाहिला तर तो एका फुलीवर उभा होता. फुली म्हणजे प हें पाल्मुस्वरून ठरविलें. मग पकारावरून पळ्दान्स् वाचलें. पळ्दान्स्वरून अपोलो आणला. आणि अपोलो इतका चांगला जुळतो म्हणून फुलीचें प हें वाचन बरोबर असलें पाहिजे, असें पुन्हां म्हटलें गेलें. ह्यास आपल्याकडील नैयायिक अन्योन्याश्रय म्हणतील. दोन अनिश्चित गोष्टी एकमेकींस टेकून उभ्या राहिल्या म्हणजे दोन्ही निश्चित होत नाहींत. फुलीचें वाचन क्व झालें कीं नांव 'क्वळ्दान्स्' होतें, आणि अपोलोशीं असलेलें नांवाचें साम्य नाहींसें होतें. अर्तेमिसच्या जोडीस देव उरतो, पण त्याचें नांव अपोलो आहे असें म्हणण्यास नामसाम्याचा आधार उरत नाहीं.

७. हेसिखियसच्या पोथींतील एक नोंद

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष कौतुक वाटावें असा एक पुरावा पुढें येतो. ख्रिस्ती शकाच्या पांचव्या-सहाव्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील हेसिखियस यानें दुर्मिळ ग्रीक व परकी शब्दांचा एक मोठा कोश रचिला. ह्या कोशाची एकच प्रत जगांत उरली आहे. ती पंधराव्या शतकांतील असून व्हेनिस येथें आहे. १५१४ त आल्डस मॅन्युशियस याच्या छापखान्यांत हा कोश प्रथम छापला गेला, तेव्हां मार्कस मुसुरस ह्या विद्वानानें ह्याच पोथीवर स्वहस्तें दुरुस्त्या करून ती जुळाऱ्यांच्या हवालीं केली. ती एक पोथी गहाळ झाली असती तर हजारों शब्द कायमचे बुडाले असते.

ह्या कोशांत 'कोआल्द्देइन्' असा एक शब्द असून त्याचा अर्थ 'लिडियन लोक राजास म्हणतात' असा दिला आहे. दिसावयास हा शब्द विचित्र आहे. त्याचा अन्त्य भाग ग्रीक क्रियापदाच्या रूपासारखा दिसतो. नकलाकारांनीं अनोळखी शब्दास ओळखीचें रूप दिलें असावें असा माझा तर्क आहे. तो अन्त्य भाग सोडून दिला तर मागें 'कोआल्द्द' एवढें राहतें. तें क्वळ्दान्स् ह्यांतील पहिल्या व्यंजनांशीं, क, ळ, द अशा क्रमानें, ठीक जुळतें. कण्ठ्य वर्णापुढील ओकार हा 'क्व' ह्यांतील ओष्ठ्य अंश दाखविण्याचा ग्रीक लेखकाचा प्रयत्न समजतां येतो. ह्या नोंदीवरून ह्या देवतेच्या नांवाचा अर्थ 'राजा', 'स्वामी' असा असावा असें कांहीं विद्वानांनीं सुचविलें आहे.

ही सूचना पूर्ण सिद्ध आहे असें म्हणतां येणार नाहीं. परंतु फुलीच्या उच्चारापुरता तिचा उपयोग मोठा आहे. ही साक्ष पाल्मुस्वर अवलंबून नाहीं, इफेससच्या नांवावर नाहीं, सर्वनामाच्या तुलनेवरही नाहीं. ती एका स्वतंत्र परंपरेंतून, एका पोथीच्या पानावरून, आलेली आहे, आणि ती कण्ठ्य वर्णाच्याच बाजूनें बोलते.

८. मग ग्रीकांत पकार कसा आला?

फुली म्हणजे क्व हें मान्य केलें तर क्वळ्म्ळुस् ह्याचें ग्रीकांत पाल्मुस् कसें झालें, ह्या प्रश्नाचें उत्तर देणें प्राप्त आहे. नाहींतर चवथ्या कलमांतील अर्थनिर्णयही डळमळीत होईल.

उत्तर ग्रीक भाषेच्याच इतिहासांत आहे. मूळ क्व ह्या वर्णाचा ग्रीकांत अकार व ओकार यांपूर्वीं प होतो, हा भाषाशास्त्राचा परिचित नियम आहे. संस्कृत 'कतरः' ह्याच्या जागीं ग्रीकांत 'पोतेरोस्' येतें. दोहोंचा अर्थ 'दोहोंपैकीं कोणता' हाच. ह्याहून जवळचें उदाहरण म्हणजे ग्रीकांचा राजा ह्या अर्थाचा प्रसिद्ध शब्द 'बासिलेउस्'. १९५२ त मायकेल व्हेंट्रिस यांनीं 'रेखालिपि ब' वाचली तेव्हां मायसीनी काळच्या मृत्फलकांवर हाच शब्द 'क्व-सि-रे-उ' असा लिहिलेला आढळला. म्हणजे त्याचा बकारही मुळांत ओष्ठ्य अंशानें युक्त असा कण्ठ्य वर्ण होता व तो पुढें शुद्ध ओष्ठ्य झाला. राजाचा एक शब्द ग्रीकांत जर ह्या मार्गानें गेला, तर शेजाऱ्यांकडून घेतलेला राजाचा दुसरा शब्द त्याच मार्गानें जाण्यांत नवल नाहीं.

ग्रीकांनीं हा शब्द फार पूर्वीं, त्यांच्या भाषेंत क्व शिल्लक असतां, घेतला असेल व मग तो बदलला असेल. किंवा क्व नाहींसा झाल्यानंतर परकी क्व त्यांच्या कानास प सारखा लागला असेल. इलियडमधील पाल्मुस् हें नांव पहिल्या पक्षास कांहींसें अनुकूल आहे. कोणताही पक्ष घेतला तरी एक गोष्ट ठरते. ग्रीक पकारावरून लिडियन पकार सिद्ध होत नाहीं. उसन्या शब्दाचा उच्चार घेणाऱ्याच्या जिभेवर ठरतो, देणाऱ्याच्या नव्हे.

९. अर्थाची मर्यादा

आतां अर्थाकडे पुन्हां वळूं. क्वळ्म्ळुस् म्हणजे राजा, हें खरें. पण कोणता राजा? वर उल्लेखिलेल्या कालनिर्देशांत हा शब्द इराणच्या सम्राटासाठीं आहे. हिपोनाक्सच्या ओळींत तो देवांसाठीं व विनोदानें सोन्यासाठीं आहे. ह्यांतील कोणत्याही उल्लेखावरून गाइगीज किंवा क्रीसस यांस त्यांचे प्रजाजन समोर ह्याच शब्दानें संबोधीत असत असें सिद्ध होत नाहीं. संभव मोठा आहे, पण संभव म्हणजे प्रमाण नव्हे.

बासिलेउस् शब्दाची हकीकत येथेंही सावध करते. मायसीनी फलकांवरचा क्वसिरेउ हा राजा नाहीं. तो एखाद्या गांवचा अथवा कारागिरांच्या गटाचा मुख्य आहे. राजास तेथें 'वनक्स' असा वेगळा शब्द आहे. पुढें वनक्सांचीं राज्यें लयास गेलीं आणि गांवच्या मुख्याचा शब्द राजपदावर चढला. लिडियनांतही राजवाचक एकाहून अधिक शब्द असावेत असें कोआल्द्देइन् ह्या नोंदीवरून दिसतें. शिवाय ग्रीकांचा 'तिरान्नोस्' हा शब्दही आशियामायनरकडीलच असावा असें मानतात, आणि आर्किलोकस कवीनें गाइगीजच्या संबंधांतच त्या सत्तेचा उल्लेख केला आहे. एका देशांत अधिकाराचे तीन शब्द असतील तर त्यांच्या पायऱ्याही वेगळ्या असूं शकतील. ज्या पायरीवर क्वळ्म्ळुस् उभा होता ती इराणी अमदानींत सर्वांत वरची होती, एवढेंच शिलालेख सांगतात.

१०. उपसंहार

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. क्वळ्म्ळुस् ह्या शब्दाचा 'राजा' हा अर्थ कालनिर्देशांतील त्याच्या जागेवरून, त्यास लागलेल्या विभक्तीवरून व ग्रीक पाल्मुस् शब्दावरून निश्चित होतो. त्याचें आद्याक्षर क्व आहे हें इफेससच्या नांवाचें लिडियन लेखन, सर्वनामाची तुलना व हेसिखियसची नोंद ह्या वेगळ्या साधनांवरून ठरतें. पाल्मुस् हा शब्द पहिल्या कामासाठीं उत्तम साक्षीदार आहे. दुसऱ्या कामासाठीं त्यास उभें केलें तेव्हां एका देवाची चुकीची ओळख आपल्या गळ्यांत पडली.

मोडी वाचतांना किंवा ताम्रपट लावतांना आपणांपैकीं प्रत्येकास हा अनुभव येतो. एखादें अक्षर लागत नाहीं. मजकुरावरून शब्दाचा अर्थ कळतो. मग त्या अर्थाच्या एखाद्या परिचित शब्दावरून आपण अक्षर ठरवितों. आणि तेंच अक्षर पुढें दुसऱ्या ओळींत वाचून तेथें नवीन नांव, नवीन गांव अथवा नवीन पुरुष उभा करितों. अर्थ बरोबर असूनही अक्षर चुकीचें असूं शकतें, आणि चुकीच्या अक्षरानें वाचलेलें दुसरें नांव खऱ्यापेक्षां अधिक पटणारेंही असूं शकतें. पळ्दान्स् हा असाच पटणारा होता.

दुसरी गोष्ट संग्राहकांसाठीं. ह्या एका शब्दाचा निकाल लावण्यास लागलेलीं साधनें कोणतीं तीं पाहावीं : वरची ओळ तुटलेली एक शिला, तीन शब्दांची एक दानाची ओळ, एका निंदक कवीच्या टीकाकारांनीं राखलेल्या फुटकळ ओळी, आणि एकुलत्या एका पोथींतील अर्थहीन वाटणारी एक नोंद. ह्यांतील एकही साधन संग्रहाच्या दर्शनी कपाटांत ठेवण्याजोगें नाहीं. आपल्या दप्तरांत ज्या शब्दांच्या याद्या, तुटक यादी-टांचणें व कोणासही न लागणारे शब्द पडलेले असतात, ते जसेच्या तसे, एक अक्षरही न सुधारतां, उतरून ठेवावे. 'कोआल्द्देइन्' ह्या नोंदीचा लिडियन शिलांशीं मेळ बसण्यास विसाव्या शतकापर्यंत थांबावें लागलें, आणि ती पोथींत तोंवर टिकून राहिली म्हणूनच तो बसला.